शाही लग्नाचे बिनपत्रिकेचे वऱ्हाडी

विशेष प्रतिनिधी

लग्न साध्या घरातले असो की राजवाड्यातले, वऱ्हाडाशिवाय त्याला शोभा नाही. २९ एप्रिल २०११ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रिन्स विल्यम आणि केट मिडलटन यांचा विवाह झाला, तेव्हा पत्रिका मिळालेले पाहुणे होते सुमारे एकोणीसशे. पत्रिका नसताना रस्त्यावर जमलेल्यांची संख्या मात्र सुमारे दहा लाख असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. त्यांतील अनेकांनी बकिंगहॅम राजवाड्याकडे जाणाऱ्या 'द मॉल' या रस्त्यालगत आदल्या रात्रीच मुक्काम ठोकला होता. काही जण तर त्याहूनही आधी येऊन बसले होते. छोटे तंबू, घडीच्या खुर्च्या, पांघरुणे, थर्मासमधला चहा आणि हातात झेंडे असा सारा सरंजाम त्यांच्यासोबत होता.

एवढा खटाटोप करून त्यांना दिसले काय? बग्गी समोरून जाते ती काही सेकंदांत. ॲबीपासून राजवाड्यापर्यंतची मिरवणूक त्या दिवशी पंधरा मिनिटांच्या आसपास आटोपली. मागच्या रांगांत उभ्या असलेल्यांच्या वाट्याला पुढच्यांचे उंचावलेले हात आले. घरी बसलेल्यांनी मात्र वधूच्या पोशाखावरील जाळीकाम दूरचित्रवाणीवर अगदी जवळून न्याहाळले. तरीही माणसे रस्त्यावर आली. ती का येतात, त्यांना तेथे जागा कोणी करून दिली आणि या सोहळ्याचे मोल कोण मोजते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण सामान्य नागरिकाची ही जागा वाटते तेवढी जुनी नाही. गेल्या शंभर वर्षांत ती जाणीवपूर्वक तयार करण्यात आली आहे.

घरातला सोहळा रस्त्यावर आला

राणी व्हिक्टोरियाचा विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजी सेंट जेम्स राजवाड्यातील लहानशा प्रार्थनामंदिरात झाला. लोकांना दिसल्या त्या येता-जाताच्या बग्ग्या. १८६३ मध्ये तिच्या थोरल्या मुलाचे, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाचे लग्न तर लंडनबाहेर विंडसर किल्ल्यात लावण्यात आले. राजघराण्यातील विवाह हा दरबार, नातलग आणि परदेशी राजघराणी यांच्यापुरता व्यवहार होता. प्रजेने तो पाहिलाच पाहिजे, अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील सिंहासने एकापाठोपाठ एक कोसळली. ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज याने १९१७ मध्येच घराण्याचे जर्मन नाव टाकून 'विंडसर' हे नाव घेतले होते. राजपुत्रांनी आणि राजकन्यांनी परदेशी राजघराण्यांतच सोयरीक करावी, हा आग्रहही मागे पडला. आता सिंहासन टिकायचे, तर ते प्रजेच्या नजरेत आणि मनात टिकायला हवे होते.

त्या दृष्टीने २७ फेब्रुवारी १९१९ ही तारीख महत्त्वाची ठरते. त्या दिवशी व्हिक्टोरियाची नात प्रिन्सेस पॅट्रिशिया हिचा विवाह वेस्टमिन्स्टर ॲबीत झाला. ॲबीत राजघराण्यातील लग्न लागण्याची पाचशेहून अधिक वर्षांतील ती पहिलीच वेळ होती. पाठोपाठ १९२२ मध्ये राजकन्या मेरी आणि १९२३ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचे सहावे जॉर्ज, यांचेही विवाह तेथेच झाले. ॲबी शहराच्या मध्यभागी आहे. तेथून राजवाड्यापर्यंत मिरवणूक काढली, की दोन्ही बाजूंच्या पदपथांवर हजारो माणसांना उभे राहता येते. लग्नाची जागा बदलली आणि नागरिकाला प्रेक्षकाचा मान मिळाला.

इतिहासकार डेव्हिड कॅनडाइन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' या ग्रंथातील आपल्या निबंधात हाच मुद्दा व्यापक अर्थाने मांडला. ब्रिटिश राजघराण्याचे जे विधी आणि मिरवणुका लोक प्राचीन समजतात, त्यांना आजचे भव्य रूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. राजसत्तेचा प्रत्यक्ष अधिकार जसजसा कमी होत गेला, तसतसा तिचा थाटमाट वाढत गेला, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

आधी कान, मग डोळे

रस्त्यावर मावतील तेवढ्याच लोकांना सोहळा दिसणार, ही मर्यादा तंत्रज्ञानाने ओलांडली. मात्र प्रत्येक टप्प्यावर आधी नकार मिळाला. १९२३ च्या विवाहाचे रेडिओवरून प्रक्षेपण करण्याची नव्यानेच स्थापन झालेल्या बीबीसीची इच्छा होती. धर्माधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. पवित्र विधी लोक गुत्त्यांत बसून, डोक्यावरच्या टोप्याही न काढता ऐकतील, अशी धास्ती त्यांना होती. १९३४ मध्ये ड्यूक ऑफ केंट यांच्या लग्नाचा विधी अखेर रेडिओवर ऐकू आला.

चित्राच्या बाबतीत नागरिकांचा शब्द निर्णायक ठरला. राणी एलिझाबेथ यांच्या १९५३ मधील राज्याभिषेकाच्या वेळी ॲबीतील मुख्य विधीचे थेट चित्रण होऊ द्यायचे नाही, असे १९५२ मध्ये जाहीर करण्यात आले होते. वृत्तपत्रांतून आणि लोकांतून नाराजीचा सूर उमटला आणि निर्णय फिरवावा लागला. फक्त अभ्यंगाचा सर्वांत पवित्र मानला जाणारा भाग कॅमेऱ्यापासून दूर ठेवण्यात आला. ब्रिटनमध्ये सुमारे दोन कोटी प्रौढांनी तो सोहळा पाहिला. संच त्या मानाने फारच थोडे होते. ज्याच्या घरी संच, त्याच्या दिवाणखान्यात सारी आळी, असे दृश्य त्या दिवशी देशभर होते.

त्यानंतर ६ मे १९६० रोजी राजकन्या मार्गारेट यांचा विवाह दूरचित्रवाणीवर दिसलेला पहिला शाही विवाह ठरला. १९८१ मध्ये चार्ल्स आणि डायना यांच्या लग्नासाठी तर ॲबीऐवजी सेंट पॉल्स कॅथिड्रलची निवड करण्यात आली. तेथे आसने अधिक होती आणि मिरवणुकीचा मार्ग लांब होता. म्हणजेच अधिक लोकांना रस्त्यावर उभे राहता येणार होते. हे लग्न जगभरातील ७५ कोटी लोकांनी पाहिल्याचे सांगितले जाते. जगभरातील प्रेक्षकांचे असे आकडे अंदाजेच असतात. एखाद्या देशापुरती मोजणी त्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असते. २०११ च्या विवाहाचा ब्रिटनमधील प्रेक्षकवर्ग सर्वाधिक गर्दीच्या क्षणी सुमारे २ कोटी ६० लाखांवर गेला होता.

२०११ मध्ये रस्त्यावरच्या प्रेक्षकासाठीही आवाजाची सोय होती. ॲबीतील विधी मिरवणुकीच्या मार्गावर ध्वनिवर्धकांवरून ऐकविला जात होता. हाइड पार्क आणि ट्रॅफल्गार चौकात मोठे पडदे उभारले होते. वधूवरांनी होकार देताच बाहेर जो जल्लोष झाला, तो आत बसलेल्या पाहुण्यांनाही ऐकू गेला. भिंतीपलीकडचे हे वऱ्हाड त्या क्षणापुरते का होईना, लग्नात सामील झाले होते. मिरवणूक सरल्यावर पोलिसांनी मॉल टप्प्याटप्प्याने खुला केला आणि गर्दी राजवाड्याच्या फाटकापर्यंत सरकली. सज्जात उभ्या राहिलेल्या दाम्पत्याने तिच्यासमोर एकदा नव्हे, दोनदा चुंबन घेतले. सज्जातील या चुंबनाची प्रथाही जुनी नाही. ती १९८१ पासूनची.

रेशनच्या काळातले लग्न

सोहळ्यात नागरिक मनापासून गुंततो तो नेहमी सुबत्तेच्याच काळात असे नाही. २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथ आणि फिलिप यांचा विवाह झाला, तेव्हा ब्रिटन युद्धाने कंगाल झाला होता. अन्नधान्य रेशनवर होते, कपड्यांनाही कूपन लागत होते. राजकन्येला पोशाखासाठी सरकारने २०० जादा कूपने मंजूर केली. देशभरातील अनेक स्त्रियांनी आपल्या वाट्याची कूपने टपालाने तिच्याकडे पाठविली. एकाची कूपने दुसऱ्याने वापरणे कायद्याने गुन्हा असल्यामुळे ती सारी आभारासह परत करावी लागली. लग्नाच्या केकसाठी लागणारे साहित्य ऑस्ट्रेलियातील गर्ल गाइड्सनी पाठविले होते.

नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारतातूनही एक भेट गेली होती. महात्मा गांधींनी स्वतः कातलेल्या सुताचे विणलेले एक वस्त्र वधूवरांना पाठविण्यात आले. त्याच्या मधोमध 'जय हिंद' अशी अक्षरे गुंफली होती. हैदराबादच्या निजामाने दिलेला हिऱ्यांचा हारही त्याच भेटवस्तूंत होता. अडीच हजारांच्या आसपास आलेल्या त्या भेटींत सामान्य माणसांनी पाठविलेल्या साध्या वस्तूही होत्या. पोटाला चिमटा असतानाही माणसे आपल्यातले काही देऊ पाहतात. या देण्याला आनंद म्हणावे की सवय, यावर तेव्हाही दुमत होते आणि आजही आहे.

१९८१ मध्ये हा विरोधाभास अधिक ठळक झाला. देशात २५ लाखांहून अधिक लोक बेकार होते. एप्रिलमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात आणि लग्नाच्याच महिन्यात लिव्हरपूलच्या टॉक्सटेथ भागात दंगली उसळल्या होत्या. तरीही २९ जुलै रोजी लंडनच्या रस्त्यांवर सुमारे सहा लाख लोक उभे होते.

सुट्टी आणि हिशेब

राष्ट्रीय उत्सवाची सामान्य माणसाला होणारी पहिली ओळख म्हणजे सुट्टी. ब्रिटनमध्ये 'बँक हॉलिडे' १९७१ च्या कायद्यानुसार ठरतो आणि जादा सुट्टी राजघोषणेने जाहीर होते. शाही विवाहासाठी अशी सुट्टी १९७३, १९८१ आणि २०११ मध्ये मिळाली. २००५ मध्ये चार्ल्स आणि कॅमिला यांचे, तर २०१८ मध्ये हॅरी आणि मेगन मर्कल यांचे लग्न शनिवारी झाले आणि वेगळी सुट्टी देण्यात आली नाही. २०११ मध्ये ईस्टरच्या सुट्ट्या आणि मे महिन्याची पहिली सुट्टी यांच्यामध्ये हे लग्न आले. परिणामी तीन दिवसांची रजा टाकली, की २२ एप्रिल ते २ मे असा सलग अकरा दिवसांचा आराम अनेकांना साधता आला.

मात्र बँक हॉलिडेला भरपगारी सुट्टी मिळण्याचा सरसकट कायदेशीर हक्क तेथील कामगाराला नाही. ते त्याच्या नोकरीच्या करारावर अवलंबून असते. दुकाने, हॉटेले, रुग्णालये आणि बसगाड्या चालविणाऱ्यांपैकी अनेकांनी हा सोहळा कामावरूनच पाहिला किंवा पाहिलाच नाही. जादा सुट्टीचा अर्थव्यवस्थेवरही परिणाम होतो. २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत वाढ मंदावल्याची जी कारणे ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने दिली, त्यांत या सुट्टीचा समावेश होता.

खर्चाची विभागणीही समजून घ्यायला हवी. २०११ मधील विवाहाचा खर्च राजघराण्याने आणि वधूच्या आई-वडिलांनी उचलला. बंदोबस्ताचा भार मात्र करदात्यांवर पडला. सुमारे पाच हजार पोलिस तैनात होते आणि लंडन पोलिसांचा खर्च ६० लाख पौंडांच्या पुढे गेला. राज्याभिषेक हा सरकारी सोहळा असल्याने त्याचा हिशेब निराळा. ६ मे २०२३ रोजी झालेल्या राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकासाठी बंदोबस्तासह सुमारे ७ कोटी २० लाख पौंड खर्च झाल्याचे सरकारने २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध केले. पदपथावरचा प्रेक्षक तिकीट काढत नाही, पण सोहळा त्याला फुकट पडतो असेही नाही.

गल्लीतला मांडव

सर्वांनाच लंडनला जाता येत नाही. त्यांच्यासाठी 'स्ट्रीट पार्टी' असते. रस्ता बंद करून मधोमध लांबलचक टेबले मांडायची, तिकोनी पताका लावायच्या, घरोघरी केलेले पदार्थ आणून एकत्र जेवायचे, असे तिचे स्वरूप. १९१९ मध्ये महायुद्धानंतरच्या शांततेनिमित्त मुलांसाठी गल्लोगल्ली चहापान झाले, तेथून ही रीत रुळली. पुढे १९३५ आणि १९७७ चे राज्यारोहणाचे रौप्यमहोत्सव, १९४५ मधील विजयदिन, १९५३ चा राज्याभिषेक आणि १९८१ चे लग्न अशा निमित्ताने ती टिकून राहिली.

त्यासाठी स्थानिक परिषदेकडे रस्ता बंद करण्याचा अर्ज काही आठवडे आधी द्यावा लागतो. कार्यक्रम रहिवाशांपुरता असेल, दारू विकली जात नसेल आणि करमणुकीची जाहिरात करून पैसे घेतले जात नसतील, तर वेगळा परवाना सहसा लागत नाही. २०११ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधून असे सुमारे साडेपाच हजार अर्ज आले. मात्र उत्साह सगळीकडे सारखा नव्हता. स्कॉटलंडमध्ये तो बराच कमी दिसला आणि ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह पार्कमध्ये परवानगीविना भरलेल्या मेळाव्याला हुल्लडबाजीचे गालबोट लागले.

गणेशोत्सवाच्या मांडवाखाली वाढलेल्या मुंबई-पुणेकरांना या गल्लीतल्या जेवणावळीचे मर्म वेगळे सांगायला नको. निमित्त राजवाड्याचे असले, तरी वर्षभर एकमेकांकडे न पाहणारे शेजारी त्या दिवशी एका टेबलाशी बसतात. अनेकांच्या आठवणीत वधूचा पोशाख राहत नाही. समोरच्या घरातल्या आजींनी आणलेला केक राहतो.

मुंबईकरांना आलेली पत्रिका

क्वचित बिनपत्रिकेच्या माणसालाही पत्रिका येते. नोव्हेंबर २००३ मध्ये मुंबईभेटीवर आलेले प्रिन्स चार्ल्स चर्चगेट येथे डबेवाल्यांना भेटले होते. त्यांच्या वेळा सांभाळायच्या होत्या, म्हणून ही भेट डबे पोहोचविण्याचे काम न अडता व्हावी, असा डबेवाल्यांचा आग्रह होता. त्याची आठवण ठेवून २००५ मधील विवाहाचे निमंत्रण मुंबईच्या डबेवाल्यांना पाठविण्यात आले आणि रघुनाथ मेदगे व सोपान मरे हे दोन प्रतिनिधी इंग्लंडला गेले. जाताना त्यांनी पारंपरिक महाराष्ट्रीय वस्त्रांची भेट नेली. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या अंत्यविधीमुळे ते लग्न एक दिवस पुढे ढकलून ९ एप्रिल रोजी झाले.

२०१८ मध्ये हॅरी आणि मेगन यांनी भेटवस्तूंऐवजी सात संस्थांना देणग्या द्याव्यात, असे आवाहन केले. त्यांत मुंबईच्या वस्त्यांमध्ये स्त्रियांच्या मासिक पाळीतील आरोग्यासाठी काम करणारी 'मैना महिला फाउंडेशन' ही ब्रिटनबाहेरची एकमेव संस्था होती. त्याच लग्नात सर्वसामान्य नागरिकांपैकी १२०० जणांना विंडसर किल्ल्याच्या आवारात उभे राहण्याचे निमंत्रण होते. दुपारचे जेवण मात्र त्यांनी घरून आणावे, अशी सूचना त्यांना करण्यात आली होती. वऱ्हाडाला डबा घेऊन यायला सांगणारे लग्न मराठी माणसाला चमत्कारिक वाटेल. आवारात प्रवेश आणि पंगतीत पान यांतील अंतर त्यातून नेमके कळते.

ज्यांना पाहायचे नाही त्यांचे काय?

उत्सव साऱ्या राष्ट्राचा म्हटला, की त्यात सामील न होणाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. २०११ मध्ये राजसत्ता नको असे म्हणणाऱ्या 'रिपब्लिक' या संघटनेने लग्नाच्याच दिवशी लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमध्ये स्वतःची स्ट्रीट पार्टी भरविली. ती शांततेत पार पडली. मात्र त्या दिवशी मध्य लंडनमध्ये काही जणांना, ते शांतताभंग करतील या शक्यतेवरून, पोलिसांनी आधीच ताब्यात घेतले. काही तासांनी, सोहळा उरकल्यावर, कोणताही आरोप न ठेवता त्यांना सोडून देण्यात आले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने पोलिसांची कारवाई कायदेशीर ठरविली. शांतताभंग टाळण्यासाठी केलेली ही अल्पकाळाची अटक व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचे उल्लंघन ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

२०२३ च्या राज्याभिषेकात हा वाद पुन्हा उफाळला. 'रिपब्लिक'च्या प्रमुखासह काही निदर्शकांना सकाळीच पकडण्यात आले. पुढे त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आले नाहीत आणि लंडन पोलिसांनी खेद व्यक्त केला. त्याच सोहळ्यात दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या नागरिकांनीही राजनिष्ठेची शपथ मोठ्याने म्हणावी, अशी कल्पना पुढे आली होती. तिच्यावर टीका झाली. शेवटी ज्याला वाटेल त्याने म्हणावी, अशा निमंत्रणाचे सौम्य रूप तिला देण्यात आले.

शपथेची ही घटना लहान असली, तरी बोलकी आहे. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटिश नागरिकाला पदपथावर जागा देण्यात आली, मग रेडिओजवळ, मग पडद्यासमोर. या प्रत्येक ठिकाणी त्याने टाळ्या वाजविल्या, झेंडे हलविले, सुट्टी उपभोगली आणि कर भरला. ते सारे त्याने आपल्या मर्जीने केले, असे मानले गेले आणि राजघराण्याच्या लोकप्रियतेचा आधारही तोच होता. शपथ म्हणण्याची वेळ आली तेव्हा मात्र अनेकांनी स्पष्ट सांगितले, की पाहायला येणे वेगळे आणि निष्ठा वाहणे वेगळे.

मॉलवर रात्र काढणारी व्यक्ती राजनिष्ठ असेलच असे नाही. ती गर्दीची हौस म्हणून आलेली असेल, आईबरोबर १९८१ मध्ये आलो होतो ही आठवण जपण्यासाठी आलेली असेल किंवा केवळ सुट्टी होती म्हणूनही आली असेल. त्याच दिवशी चौकात विरोधाचा फलक घेऊन उभा राहणारा नागरिकही त्याच देशाचा आणि त्याच सोहळ्याच्या बंदोबस्तासाठी कर भरणारा. बग्गी काही सेकंदांत निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी रस्ता झाडून वाहतुकीला मोकळा होतो. त्या एका दिवशी रस्त्यावर या दोघांनाही उभे राहता आले का, यावरून तो सोहळा राजघराण्याचा होता की राष्ट्राचा, हे ठरवावे लागेल.